बिननावाचा ट्रान्सफॉर्मर: ओहम बघू का एसी देऊ?

भावा, शाहूपुरीत भंगारात घावलेला व्हॉल्व्ह रेडिओचा (काचेच्या नळ्यांचा जुना रेडिओ) स्पीकरला जोडायचा ट्रान्सफॉर्मर मीटरनं ओहम मोजून बघू का एसी करंट देऊन, म्हणतोयस ना? मीटरला खर्च काय न्हाई, दोन मिनिटांत वायंडिंग (आत गुंडाळलेली तार) तुटलंय का ते कळतं, बारीक तारेची बाजू काहीशे ओहम, जाडीची एकाच्या आतच, पण इम्पीडन्स, म्हणजे एसीला होणारा अडथळा, त्यातनं निघत नाही.

एसीला 12 व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर लागतो, जरा खटपट हाय, पण खरं उत्तर तिथंच. बारीक बाजूला 12 दिले, जाडीला 0.48 आले म्हणजे 25 पट, वर्ग 625, गुणिले 8 ओहमचा स्पीकर, झाले 5000 ओहम इम्पीडन्स, सिक्स-व्ही-सिक्स (6V6) व्हॉल्व्हला झकास. उलटं जोडू नको हां, शेकड्यात व्होल्ट निघतात, झटका लई वाईट.

नुसतं चांगलं-खराब निवडायचं तर मीटर बास, अँप्लिफायर बांधायचा तर एसीच.