कनेक्शन्स अडलं की काय उघडावं: हिंट, उत्तर की डिक्शनरी?

१६ शब्द, त्यांचे चार-चारचे चार गट, आणि चौथी चूक झाली की खेळ खलास. न्यूयॉर्क टाइम्सने जून २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘कनेक्शन्स’ या रोजच्या शब्दकोड्याचे नियम एवढेच. गटांचे रंगही ठरलेले: पिवळा सोपा, मग हिरवा, मग निळा, आणि जांभळा सगळ्यात खट्याळ. खेळ रोजचा असल्यामुळे त्याची मदतही रोज ताजी मिळते. कुठे नुसत्या हिंट्स, कुठे थेट उत्तरं, आणि बऱ्याचदा दोन्ही एकाच पानावर एकाखाली एक. नव्याने खेळणाऱ्याने यातलं काय वापरावं?

मराठीत मांडलं तर फरक पटकन कळेल. हा घरगुती तक्ता बघा:

कृष्णा, मुळा, नीरा, गोता
भीमा, गाजर, ताक, भाव
पवना, बीट, पन्हं, शेण
इंद्रायणी, रताळं, सोलकढी, मार

नद्या शोधायला निघालात तर चारऐवजी सहा सापडतात, कारण मुळा आणि नीराही नद्याच. खरं कोडं इथे आहे. मुळ्याला गाजर-बीटाकडे आणि नीरेला ताक-पन्ह्याकडे पाठवल्याशिवाय नद्यांचा गट पक्का होत नाही. कनेक्शन्सच्या संपादक विना लिऊ रोज असेच दोन-दोन घरचे पाहुणे पेरतात. गोता, भाव, शेण, मार हा जांभळा गट.

आता समजा तुम्ही अडलात. ‘हे चारही खाल्ले जातात, पण ताटात कधीच वाढले जात नाहीत’ अशी हिंट मिळाली, की डोकं लगेच कामाला लागतं. भाव खाणे, मार खाणे... आणि बाकीचे दोन आपोआप सापडतात. हिंट इथे सोन्यासारखी, कारण सगळे शब्द तुम्हाला येत होते, फक्त धागा दिसत नव्हता. पण हाच तक्ता मराठी जेमतेम शिकलेल्या माणसासमोर ठेवा. इंद्रायणी काय आणि पवना काय, हेच त्याला माहीत नाही. ‘नद्या’ असं ढळढळीत लिहून दिलं तरी तो अंदाजच मारणार.

इंग्रजी कोडं सोडवताना आपली गत बऱ्याचदा त्या माणसासारखी होते. नाश्त्याच्या अमेरिकन सीरियलचे ब्रँड, बास्केटबॉलच्या टीम, तिकडच्या टीव्ही मालिका, बोलीतले शब्द. आपलं इंग्रजी कितीही चांगलं असो, तिथल्या किराणा दुकानात आपण वाढलेलो नाही. उच्चारावर बेतलेले गट आणखी छळतात, कारण दोन शब्द अमेरिकन तोंडात सारखे वाजतात आणि आपल्या तोंडात वाजत नाहीत. म्हणून आपल्याकडच्या खेळणाऱ्याला मी हिंटच्याही आधी डिक्शनरी सुचवेन. अनोळखी शब्द शोधा आणि त्याचे सगळे अर्थ वाचा, पहिला वाचून थांबू नका. डिक्शनरी बघणं म्हणजे फसवणूक, असं मानणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. अर्थ कळला तरी गट तुम्हालाच लावायचा असतो, आणि शब्द कायमचा पदरात पडतो.

हिंट्समध्येही प्रकार आहेत. गटाच्या विषयाकडे नुसता इशारा करणारी हिंट उत्तम. प्रत्येक गटातला एकेक शब्द उघड करणारी मदत जरा जास्तच उदार, कारण दोन घरचा एखादा पाहुणा त्यातच पकडला गेला तर अर्धी मजा गेली. गटाचं नावच सांगणारी हिंट म्हणजे जवळपास उत्तर. टाइम्सचं स्वतःचंही रोजचं मदतीचं पान असतं, आणि त्या दिवशीचं कोडं कितपत अवघड आहे याचा अंदाज तिथे ५ पैकी गुणांत मिळतो. नव्या खेळाडूने तेवढाच आकडा बघून परत यावं. बाकी पानांवर अंगठा जरा जास्त सरकला की चारही गट डोळ्यांसमोर येतात, तेव्हा सांभाळून.

थेट उत्तरांचं पान मात्र मला कळतच नाही. चार चुका झाल्या की खेळ स्वतःच सगळे गट उघडून दाखवतो. म्हणजे आधी उत्तर बघून फक्त सलग विजयांचा आकडा टिकतो. तो आकडा कोणाला दाखवायचाय? एक अपवाद मान्य. हरल्यानंतर गट दिसले तरी ते चार शब्द एकत्र का आले हे कळत नसेल, तर स्पष्टीकरण देणारं पान जरूर वाचावं. जांभळ्या गटाच्या बाबतीत ही वेळ येते.

खेळाच्या आतली फुकट मदत लोक विसरतात. तीन शब्द बरोबर आणि एक चूक असेल तर ‘फक्त एक शब्द चुकतोय’ अशा अर्थाची सूचना येते. चूक खर्ची पडते, पण माहिती मिळते. शफलचं बटण दाबलं की शेजारी-शेजारी मुद्दाम बसवलेल्या जोड्या फुटतात. शिवाय दोन गट लागल्यावर उरलेल्या ८ शब्दांची विभागणी ३५ प्रकारेच होऊ शकते, तेव्हा तिथे हिंट उघडणं जरा आळशीपणाचंच. बीबीसीच्या ‘ओन्ली कनेक्ट’ या टीव्ही क्विझमध्ये अशाच १६ शब्दांच्या भिंतीसाठी संघाला अडीच मिनिटं मिळतात. इथे घड्याळच नाही. सकाळी अडलेलं कोडं दुपारी जेवणानंतर उघडलं तरी चालतं, आणि तेव्हा ते बऱ्याचदा सुटतं.

ज्याला हिंट मागायचा संकोच वाटतो त्याने टाइम्सचंच ‘स्ट्रँड्स’ हे अक्षरांच्या चौकटीत एका विषयाचे शब्द शोधायचं कोडं खेळून बघावं. त्यात विषयाबाहेरचे तीन शब्द शोधले की हिंट कमावता येते. नवशिक्याला हे जास्त मानवेल, असं माझं मत.

फॅमिली ग्रुपवर खेळत असाल तर रंगीत चौकोनांचा निकाल टाका, शब्द टाकू नका. कोडं प्रत्येकाच्या स्थानिक मध्यरात्री बदलतं. पुण्यात ते न्यू जर्सीच्या साडेनऊ तास आधी येतं, हिवाळ्यात साडेदहा. तुमचं उत्साहाने टाकलेलं उत्तर तिकडच्या मावशीच्या फोनवर कोडं उघडण्याआधीच जाऊन बसलेलं असतं.