सरकार हवे की नको : सीमाभागातून दोन बाजूंचा ताळा

मुक्त समाजाला सरकार लागते का, याबाबत स्वतःची भूमिका ठरवू पाहणाऱ्या वाचकापुढे दोन बाजू येतात. अराज्यवादी म्हणतात की वरचे-खालचे वर्ग राजसत्तेनेच निर्माण केले, त्यामुळे ती गेल्याशिवाय समाज मोकळा होणार नाही. दुसरी बाजू म्हणते की सरकार हटले तर बळकटांचे राज्य येईल आणि दुबळ्याला दाद मागायला दारच उरणार नाही. बेळगाव, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात राहणाऱ्याला दोन्ही म्हणण्यांचे पुरावे घराजवळ सापडतात, म्हणून तुलना इथूनच केलेली बरी.

पहिल्या बाजूची परंपरा मार्क्सपेक्षा जुनी आहे. शार्ल कोंत आणि शार्ल द्युनोये या फ्रेंच उदारमतवाद्यांनी (हा कोंत समाजशास्त्राचा ऑग्युस्त कोंत नव्हे) मालक विरुद्ध मजूर अशी विभागणी न करता, कष्टाने उत्पन्न काढणारे आणि सत्तेच्या आधाराने त्यावर जगणारे अशी केली. वर्गसंघर्षाचा शोध आपला नव्हे, असे मार्क्सने १८५२ च्या एका पत्रात स्वतःच मान्य केले आहे. पुढे रशियन अराज्यवादी बाकुनिनने बजावले की कामगारांच्या नावाने राज्य आले तरी त्यातून नवा अधिकारी वर्गच तयार होईल. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी इंग्रजी अमलातील सरकारी खात्यांवर जी टीका केली, तिचा रोख याच दिशेने होता: कर शेतकरी भरतो, आणि खात्यात बसलेला कारकूनवर्ग त्याच्याच डोक्यावर चढतो.

ही बाजू किती खरी आहे हे पाहायचे तर १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश उघडावा. एका साखर कारखान्यापासून १५ किलोमीटरच्या आत दुसरा कारखाना उभारता येत नाही, आणि राज्याला हे अंतर वाढवण्याची मुभा आहे. महाराष्ट्राने ते २५ केले. याचा अर्थ शेतकऱ्याच्या उसाला गिऱ्हाईक किती असावेत हे कायदाच ठरवतो. ज्याच्या हाती परवाना, त्याच्या हाती आसपासच्या गावांची तोड, आणि पुढे बहुधा मतपेटीही. आपल्या जिल्ह्यात साखर आणि राजकारण यांची सोयरीक किती घट्ट आहे हे सांगायला कोणत्याही अभ्यासकाची गरज नाही.

परंतु त्याच आदेशात असेही म्हटले आहे की ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत बिल द्यावे, आणि थकले तर वर्षाला १५ टक्के व्याज द्यावे. ही तरतूद काढून टाकली तर काय होईल, याचे उत्तर अराज्यवाद्यांजवळ नीटसे नाही. तोडलेला ऊस ट्रॉलीत वाळतो, त्याचे वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात. काट्याच्या रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला दर पटला नाही म्हणून माल परत नेता येत नाही. शेजारच्या कारखान्याची ही मक्तेदारी निम्मी कायद्याची असली तरी निम्मी उसाच्या स्वभावाची आहे, आणि अंतराची अट उद्या उठवली तरी ही दुसरी निम्मी तशीच राहील. अर्थात व्याजाची तरतूद असणे आणि व्याज हातात पडणे यांत बरेच अंतर आहे, हेही इथला प्रत्येक ऊस उत्पादक जाणतो.

निपाणीचा दाखला आणखी बोलका आहे. १९८१ मध्ये तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर बसले, तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकरी मारले गेले. त्याच गावात वखारीत तंबाखूच्या धुळीत राबणाऱ्या आणि घरी बिड्या वळणाऱ्या बायकांना मात्र किमान वेतन आणि १९६६ च्या विडी कामगार कायद्याचा आधार घेऊनच व्यापाऱ्यांशी बोलणी करता आली. तोही कायदा आपोआप लागू झाला नाही. संघटना उभी राहिली तेव्हा त्याला धार आली.

जमिनीचेही तसेच. कर्नाटकातील सुधारित कायद्याने १ मार्च १९७४ पासून कुळांकडील जमिनी सरकारकडे वर्ग झाल्या आणि पुढे कुळांच्या नावे लागल्या. अराज्यवादी यावर विचारतील की जमीनदाराला मुळात इनाम कोणी दिले होते. आणि प्रश्न रास्त आहे, कारण अनेक इनामे व वतने राज्यकर्त्यांच्या सनदांतूनच आली होती. पण सौंदत्तीच्या डोंगरावर मुली देवीला वाहण्याची प्रथा काही सनदेने चालवली नव्हती. ती रूढीने आणि गावाच्या दबावाने चालली, आणि तिच्यावर बंदी आणायला १९३४ चा मुंबई इलाख्याचा आणि १९८२ चा कर्नाटकाचा कायदा लागला. सगळे वर्चस्व सरकारातूनच येते, हे म्हणणे इथे टिकत नाही.

मराठी वाचकासाठी एक मुद्दा वेगळा नोंदवावा लागतो. कर्नाटकाच्या भूमी प्रकल्पात जमिनीची नोंद संगणकावर आली तेव्हा तलाठ्याच्या दप्तराची मक्तेदारी मोडली. मात्र उतारा कन्नडमध्येच निघतो. खानापूरकडचा मराठी शाळेत शिकलेला म्हातारा स्वतःच्या शेताचा कागद हातात धरून दुसऱ्याला वाचायला सांगतो, आणि वाचून देणाऱ्यांचा, अर्ज भरून देणाऱ्यांचा एक छोटा वर्ग कचेरीबाहेर पोसला जातो. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असे मान्य झालेले तत्त्व आहे. कचेरीबाहेरचा हा वर्ग ना भांडवलाने केला ना जातीने. तो फक्त कारभाराच्या भाषेने केला.

काँग्रेसचे अध्यक्षपद गांधीजींनी एकदाच भूषवले, ते डिसेंबर १९२४ च्या बेळगाव अधिवेशनात. राज्यसंस्थेला ते संघटित हिंसा मानत, तरी उद्याच्या उद्या ती मोडा असे त्यांनी सांगितले नाही. माझा कल त्यांच्या जवळचा आहे, पण कसोटी थोडी रोखठोक आहे: दुबळ्या बाजूला सौदा सोडून निघून जाता येते का? येत असेल तर सरकारने बाजूला व्हावे. येत नसेल तर नियम हवा. या कसोटीवर १५ किलोमीटरची अट जावी आणि १४ दिवसांची राहावी. ज्यांना हे अर्धवट वाटते त्यांनी एवढे ठरवावे की थकलेल्या बिलाची वसुली कोण करणार: जिल्हाधिकारी, शेतकऱ्यांची संघटना, की दोघेही. माझे मत दोघांनाही आहे, आणि तक्रारीचा अर्ज मराठीतही घेतला जावा या अटीवर.