पिकअपचे पुढचे ब्रेक: नुसते पॅड, किट की नवा कॅलिपर?

रत्नागिरीहून मासळी घेऊन आंबा घाट चढायचा आणि कोल्हापुरातून भाजी भरून तोच घाट उतरायचा, असा ज्यांच्या पिकअपचा फेरा आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. पुढचे पॅड संपले की प्रश्न येतोच. नुसते पॅड टाकू, कॅलिपरला (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग) किट म्हणजे नवं सील आणि बूट टाकू, की कॅलिपरच नवा घेऊ? हे स्पेअर पार्टच्या दुकानात ठरवू नका. आधी चाक काढा आणि कॅलिपर बसलाय कसा ते बघा.

कॅलिपर आसाच्या पुढे आहे की मागे, ब्रेक ऑइल आणणारा होज पाईप कुठून आलाय, हवा काढायचं निपल कुठल्या टोकाला आहे, हे दोन्ही चाकांवर बघून फोटो काढून ठेवा. निपल वरच्या टोकालाच हवं, कारण ऑइलमधली हवा वर चढते. डावा कॅलिपर उजवीकडे लावला तर बऱ्याच गाड्यांत बोल्ट व्यवस्थित बसतात, पण निपल खाली जातं. मग वर अडकलेली हवा कितीही वेळ पेडल मारलं तरी निघत नाही. माझ्या गाडीचे कॅलिपर एका गॅरेजात असेच अदलाबदल झाले होते. पेडल मऊ लागायचं आणि मी दोन दिवस मास्टर सिलिंडरवर, म्हणजे पेडलखालच्या ऑइल ढकलणाऱ्या भागावर, संशय घेत होतो. म्हणून सांगतो, नवा कॅलिपर घेतानाही खोक्यावरच्या डाव्या-उजव्यावर विसंबू नका. जुना शेजारी धरून निपलची जागा जुळवा.

आता तिन्ही पर्याय. दोन्ही पॅड सारखे झिजलेत, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना हाताने सरकतात, पॅड दाबणारा पिस्टन सहज आत जातो, त्यावरचं रबरी आवरण म्हणजे बूट शाबूत आहे, तर नुसते पॅड पुरेत. डिस्कची जाडी मात्र मोजा. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते. त्याखाली गेली असेल तर दोन्ही डिस्क बदलायच्या, एक नाही.

आतला पॅड संपलाय आणि बाहेरचा अजून जाड आहे, असं दिसलं तर पिना जाम झाल्यात असं बहुधा समजा. आपल्याकडे हे फार होतं. खारी हवा आहेच, शिवाय मासळीच्या क्रेटमधून बर्फाचं खारट पाणी हौद्यातून खाली गळतं आणि चाकांपर्यंत पोचतं. पिना साफ करून, नवे बूट घालून, ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लावलं की बहुतेक वेळा काम होतं. साधं चाकाचं ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. एवढ्यासाठी नवा कॅलिपर घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

पिस्टनचं तसं नाही. पिस्टन आत जात नसेल किंवा सीलमधून ऑइल झिरपत असेल तर तो बाहेर काढून उजेडात फिरवून बघा. गुळगुळीत असेल तर सील-बूटचं किट टाका, स्वस्तात काम होईल. पण गंजाचे खड्डे पडले असतील तर किटचा उपयोग नाही. पिस्टन मागे खेचण्याचं काम ते रबरी सीलच करतं आणि खड्ड्यांवरून सरकताना नवं सीलही कापलं जातं. पिस्टन सुटा मिळाला आणि सीलचं घर स्वच्छ असलं तर तेवढाच बदला. घरालाही गंज असेल तर नवा कॅलिपर घ्या. किनाऱ्यावर वर्षानुवर्षं फिरलेल्या, बूट फाटलेल्या गाडीत मी तिथे काटकसर करत नाही. उतारावर एक चाक धरतं आणि दुसरं धरत नाही, तेव्हा भरलेली गाडी एका बाजूला ओढते. आंबा घाटात ही जोखीम कोणी घेऊ नये.

कॅलिपर उघडलाच आहे तर ऑइलही बदला. ते हवेतलं पाणी शोषतं आणि आपल्याकडे चार महिने पाऊस. डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू, म्हणजे तापल्यावर ते उकळायचं तापमान, नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतो. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच ऑइल घाला.

काम चालू असताना कॅलिपर होजवर लटकत ठेवू नका, तारेने बांधा. गाडी जॅकवर नाही, घोडीवर (जॅक स्टँडवर) उभी करा. आणि चाकं चढवल्यावर, इंजिन चालू करायच्या आधी, पेडल कडक होईपर्यंत मारा. पॅड डिस्कला टेकेपर्यंत पहिले दोन-तीन दाब रिकामेच जातात.