दिल्लीची सेकंडहँड गाडी, ‘टॅक्स कमी बसवून देतो’ आणि माझे १,७५,७००

दिल्लीत डिझेल गाडीला १० वर्षं आणि पेट्रोलला १५ वर्षं ही मर्यादा असल्यामुळे तिथल्या गाड्या स्वस्त मिळतात, हे सगळ्यांना माहीत आहे. इकडे आणल्यावर महाराष्ट्राचा टॅक्स वेगळा भरावा लागतो, हेही माहीत आहे. आरटीओबाहेरचा एजंट नेमका या दुसऱ्या खर्चावर बसलेला असतो.

माझ्या गाडीला नियमानं ९७,३०० रुपये बसत होते. एजंट म्हणाला, “विक्रीची किंमत कमी दाखवू, ६२,००० मध्ये पावती देतो.” २०,००० यूपीआयनं दिले, ४२,००० रोख. कर बुडवायचा हेतू नव्हता. जुन्या गाडीला टॅक्स कमी लागतो हे ऐकून होतो, तेच तो करून देतोय असं वाटलं. टॅक्स कमी लागतो हे खरंच आहे, पण तो गाडीच्या वयामुळे.

तुमचा सौदा पाच लाखांना झाला की तीन लाखांना, याच्याशी आरटीओला घेणंदेणं नाही. टॅक्स निघतो मूळ इन्व्हॉइसवरून आणि गाडीच्या वयावरून. नव्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२, त्यापुढे १३. डिझेलला १३, १४, १५. दुसऱ्या राज्यातून आलेल्या गाडीला वयानुसार त्यातला ठरलेला हिस्सा. त्यामुळे ‘किंमत कमी दाखवू’ म्हणणारा एक तर खोटं इन्व्हॉइस लावणार, नाही तर पैसे खिशात घालणार. माझ्या बाबतीत दुसरं झालं.

पावती व्हॉट्सॲपवर पीडीएफ म्हणून आली. गाडी नंबर बरोबर, नाव बरोबर, पण चॅसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे आरसीशी जुळत नव्हते. मी ते पाहिलं. विचारलंसुद्धा. “टायपिंग मिस्टेक आहे साहेब,” एवढ्यावर गप्प बसलो. परिवहनची पावती सिस्टीममधून निघते, त्यात हातानं टाइप केलेलं काही नसतं. त्याच मिनिटाला सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर पावती क्रमांक तपासला असता तर सगळं तिथंच थांबलं असतं. पाच आकडे! आजही त्यावरून झोप उडते.

नव्या नंबरसाठी ‘दोन महिने’ करत सात महिने गेले. मग आरटीओच्या वायुवेग या तपासणी पथकानं गाडी अडवली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ मधले १२ महिने नव्या नोंदणी क्रमांकासाठी आहेत. एजंट त्याचा अर्थ ‘वर्षभर टॅक्स माफ’ असा सांगतात. पथकानं तो मानला नाही. ९७,३०० अधिक व्याज-दंड १६,४००, म्हणजे १,१३,७०० भरले, आधीचे ६२,००० गेले ते वेगळेच.

तक्रारीचं तर विचारूच नका. आरटीओ म्हणतं, एजंट आमचा माणूस नाही. तो बसतो त्यांच्याच फाटकासमोर, फायली घेऊन आत-बाहेर करतो, तिथल्या प्रत्येक खिडकीला ओळखीचा, आणि तरी कुणाचा नाही! पोलीस ठाण्यात सांगितलं, व्यवहार दिवाणी आहे, कोर्टात जा. सरकारी कराची बनावट पावती दिवाणी कशी? सायबरवाल्यांनी रोख रकमेला हात लावला नाही, यूपीआयच्या २०,००० बद्दल म्हणाले, उशीर झाला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पहिल्या काही तासांतच फोन करायला हवा, हे मला सात महिन्यांनी कळलं. ठाण्यात कुणी घेत नसेल तर तक्रार लेखी, पोचपावतीसह द्या, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना पाठवा. मी तेच केलंय.

बँकेची एनओसी (ना-हरकत) म्हणजे आरटीओची एनओसी नव्हे. हवा तो फॉर्म २८, आणि त्यावर तुमच्याच आरटीओचं नाव हवं. कर्ज असेल तर त्याची नोंद काढायला फॉर्म ३५. हस्तांतराला २९ आणि ३०, नव्या नंबरला २७. मूळ इन्व्हॉइस हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका. टॅक्स स्वतःच्या खात्यातून पोर्टलवर भरा, रोख कुणालाच नाही. दिल्लीतला उरलेला टॅक्स परत मागायचा अर्ज नवी आरसी आल्यावर करता येतो. विकणाऱ्याची सही लागू शकते, म्हणून करारात तशी ओळ घाला. आणि खरंच टॅक्स वाचवायचा असेल तर एमएच पासिंगचीच गाडी घ्या, तिचा एकरकमी टॅक्स भरलेला असतो, पुण्याची पिंपरीत आणली तरी फक्त हस्तांतराचं शुल्क लागतं.

माझ्या गाडीला आता एमएच नंबर आहे. ६२,००० चा अर्ज अधीक्षक कार्यालयात पडून आहे.