कूमान की ब्लाँ?

दोघेही फुटबॉलमधले बचावपटू, दोघेही बार्सिलोनाकडून खेळलेले आणि पुढे आपापल्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झालेले. तरी रोनाल्ड कूमान आणि लोराँ ब्लाँ यांच्यातला एक निवडायचा म्हटलं, तर माझा जीव ब्लाँवर.

खेळाडू म्हणून कूमानचं पारडं जड वाटणं स्वाभाविक आहे. १९८८चा युरो कप, १९९२मध्ये वेम्बलीवर साम्पदोरिया या इटालियन क्लबविरुद्ध जादा वेळेत फ्री किकवर मारलेला तो गोल आणि बार्सिलोनाचा पहिला युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सर्वोच्च चषक! पण फ्रान्ससाठी ब्लाँ ९७ सामने खेळला, कूमान नेदरलँड्ससाठी ७८. १९९८च्या विश्वचषकात पॅराग्वेविरुद्ध गोल्डन गोल, म्हणजे जादा वेळेत होताच सामना संपवणारा गोल, ब्लाँनेच केला. उपांत्य सामन्यात लाल कार्ड मिळाल्यामुळे अंतिम सामना मात्र हुकला. याची हळहळ मला आजही वाटते.

प्रशिक्षक म्हणून कूमानचा अनुभव कितीतरी मोठा. आयाक्स आणि पीएसव्ही या दोन्ही डच क्लबांना त्याने डच लीग जिंकून दिली. पीएसव्हीचं २००७चं विजेतेपद तर गुण समान असताना, आयाक्सपेक्षा गोलफरकात केवळ एका गोलने सरस ठरून. २०२४च्या युरोत नेदरलँड्सला उपांत्य फेरीपर्यंत नेलं.

ब्लाँचं पॅरिस सेंट-जर्मेन क्लबमधलं यश पैशाच्या जोरावरचं म्हणता येईल, बोर्डो क्लबमधलं नाही. सलग सात वर्षं लियाँ क्लबने जिंकलेली फ्रेंच लीग २००९मध्ये त्याने हिसकावून घेतली. पुढच्याच वर्षी, विश्वचषकात खेळाडूंनी सरावावर बहिष्कार टाकल्यानंतर, फ्रान्सचा प्रशिक्षक म्हणून पहिल्याच सामन्यासाठी त्याने त्या संघातले सगळे २३ जण वगळले. एवढी हिंमत कूमानच्या कारकिर्दीत मला दिसत नाही.