आमची 'लेक व्ह्यू' खोली

"सर, बाल्कनीत चहा घेऊन बसलात की समोर फक्त पाणी. दुसरं काही नाहीच." पाचगणीच्या एका रिसॉर्टचा फोनवरचा मुलगा हे म्हणाला तेव्हा मी सांगलीत, घरच्या बाल्कनीत चहाच पीत होतो आणि समोर शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरी होत्या. पुढच्या वीस मिनिटांत मी त्याला 38,000 रुपये पाठवून मोकळा झालो.

ओळखीतल्या दोघांनी परवा त्याच रिसॉर्टबद्दल विचारलं, म्हणून हे लिहायला बसलोय. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. पाचगणीच्या कड्यावर, खाली धोम धरणाचं पाणी, एवढी खूण पुरे.

आमचं लग्न 13 मे 1984 चं. लग्नानंतर आम्ही एसटीने महाबळेश्वरला गेलो, एक रात्र राहिलो, मधाची बाटली घेतली आणि परत आलो, कारण रजाच तेवढी होती. पुढे मी पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढली. त्यातली उमेदीची तीन वर्षं वाईला, धोमच्या कालव्यावर. म्हणजे ज्या पाण्याच्या 'व्ह्यू'साठी मी पैसे मोजले, त्या पाण्याच्या पातळीचे तक्ते मी स्वतःच्या हाताने भरलेले आहेत. हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

2024 मध्ये चाळीस वर्षं होणार होती. मुलाने पुण्याहून त्या रिसॉर्टचं पान पाठवलं. "बाबा, आईला एकदा तरी असं कुठेतरी न्या." चित्र मात्र खरंच वेड लावणारं. काचेची भिंत, बाल्कनीतच छोटा पोहण्याचा हौद, त्याच्या कडेवरून नजर थेट खाली काठोकाठ भरलेल्या तलावावर, आणि त्या पाण्यात बुडणारा केशरी सूर्य. भाडं एका रात्रीचं 19,500. वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 23,010. दोन रात्रींचे 46,020.

आठवडाभर घरात हाच विषय. ही म्हणाली, "एवढ्यात आपलं महिन्याचं वाणसामान, दूध, वीज, तुमच्या गोळ्या, सगळं होऊन उरेल." शेजारचे अण्णा म्हणाले, पाचगणीत साडेतीन हजारांत घरगुती खोली मिळते, वर गरम भाकरी, आणि दरी काय कुणाच्या बापाची नाही, सिडनी पॉइंटवरून फुकट दिसते. मी कागदावर दोन रकाने पाडले. एकीकडे खर्च, दुसरीकडे जे मिळणार ते. सरकारी नोकराची सवय. शेवटी ठरलं की महाग आहे, पण चाळीस वर्षांत एकदा चालेल, फक्त थोडं कमी झालं तर बरं.

हे 'थोडं कमी झालं तर बरं' नडलं. मी सगळा वेळ किंमत तपासत बसलो. ज्या खोलीची किंमत तपासतोय ती खोली आहे का, हे एकदाही तपासलं नाही. शासकीय कामात आम्ही आधी जागेवर जाऊन मोजमाप घ्यायचो, मग दर लावायचो. स्वतःच्या पैशाला उलटं केलं.

रिसॉर्टच्या पानावर नंबर टाकला आणि दहा मिनिटांत त्या मुलाचा फोन आला. अत्यंत गोड. लग्नाला चाळीस वर्षं म्हटल्यावर त्याने आधी नमस्कार सांगितला, हिची प्रकृती विचारली. मग 'अ‍ॅनिव्हर्सरी पॅकेज' काढलं: दोन रात्री, सगळी जेवणं, केक, टॅक्ससकट 38,000. अट एकच, पूर्ण रक्कम आजच, कारण "मे महिना आहे सर, ही शेवटची लेक व्ह्यू आहे." आठ हजार वाचत होते. यूपीआयवर पैसे टाकताना समोर नाव आलं ते रिसॉर्टचं नव्हे, एका माणसाचं. मी विचारलंसुद्धा. "मालकांचंच खातं आहे सर, कंपनीच्या खात्यावर आज मेंटेनन्स चालू आहे." पटलं. पटवून घेतलं, हे जास्त खरं. पावती म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र आलं, त्यावर 'कन्फर्म्ड', 'लक्झरी सूट' आणि सर्वांत खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'उपलब्धतेनुसार'.

13 तारखेला सकाळी निघालो. सांगलीचं मतदान 7 मेला झालेलं, दोघांच्या बोटांवरची शाई अजून ताजी होती. पसरणी घाट चढताना मी हिला खाली वाई, मेणवली, पलीकडे पांडवगड असं सगळं दाखवत होतो. दोनला पोहोचलो. स्वागताला कोकम सरबत. खोली 'तयार होतेय' म्हणून साडेचारपर्यंत सोफ्यावर. मग व्यवस्थापक हसत आले. "अभिनंदन सर, तुम्हाला आम्ही अपग्रेड केलंय! गार्डन व्हिला!"

अपग्रेड हा शब्द कुणी न मागता दिला तर जागेवरून उठू नका, हे मला आता कळतं. तेव्हा आम्ही बॅगा उचलून त्यांच्या छोट्या गाडीत बसलो. गाडी फाटकाबाहेर पडली, रस्ता ओलांडला, उतारावरून अर्धा किलोमीटर खाली गेली आणि एका वेगळ्याच आवारात थांबली. व्हिला म्हणजे एकाला एक चिकटलेल्या सहा खोल्यांपैकी चौथी. बाग म्हणजे चार कुंड्या. खिडकीसमोर सहा फुटांवर जांभ्या दगडाची भिंत आणि भिंतीपलीकडे जनरेटर. मे महिन्यात वीज जाते तशी ती गेली आणि तो सुरू झाला. ही पलंगाच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "अहो, चहा तरी सांगा." चहा सांगितला. तो वरून यायला चाळीस मिनिटं लागली, गार होऊन आला.

मी पायी वर गेलो. व्यवस्थापक म्हणाले, लेक व्ह्यू विभाग 'देखभालीसाठी' बंद आहे. मला बघायचाय म्हटलं, तर 'सुरक्षेच्या कारणाने' परवानगी नाही. मागच्या बाजूने फिरून गेलो. तिथे पत्र्याचं कुंपण, वाळूचा ढीग आणि खुर्चीवर एक वयस्कर रखवालदार. जवळच्याच गावचा. मी धोमवर नोकरीला होतो म्हटल्यावर मोकळा झाला.

"लेक व्ह्यूच्या खोल्या कुठल्या हो?"

"कुठल्या खोल्या साहेब? ह्या अंगाला अजून नुसतं खांब हायती. पावसाच्या आदी स्लॅब पडंल म्हनत्यात. मला न्हाई वाटत."

कुंपणाच्या फटीतून पाहिलं. बारा खांब मोजले. खांबांच्या डोक्यावर गंजलेल्या सळ्या. आमची बाल्कनी, काचेची भिंत, हौद, सगळं त्या सळ्यांच्या वर कुठेतरी हवेत होतं. महाबळेश्वर-पाचगणीचा हा सगळा पट्टा 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. इथे बांधकामाची परवानगी ही सोपी गोष्ट नाही. या खांबांना ती होती की नाही, हा वेगळाच प्रश्न, त्यात मी शिरलो नाही.

रात्री जनरेटरच्या आवाजात झोप येईना, तेव्हा मोबाइलवर ते चित्र पुन्हा काढलं आणि मला स्वतःची लाज वाटली. पाचगणीहून धोमचं पाणी उत्तरेला आहे. चित्रात तलाव काठोकाठ, म्हणजे पावसाळा संपता संपताचे, सप्टेंबर-ऑक्टोबरचे दिवस. त्या दिवसांत सूर्य पश्चिमेला, फार तर किंचित दक्षिणेकडे सरकून मावळतो. तो धोमच्या पाण्यात बुडणं शक्यच नाही. ते छायाचित्र नव्हतंच, संगणकावर रंगवलेलं होतं. दुसरं, मी मे महिन्यात भरलेला तलाव बघायला निघालो होतो! साडेतेरा टीएमसीचं धरण, पण उन्हाळी आवर्तनं, म्हणजे शेतीसाठी कालव्याने पाळीपाळीने द्यायचं पाणी, सोडून झाल्यावर मेमध्ये तिथे काय उरतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यातून 2023 चा पाऊस रडका. ऑक्टोबरअखेर सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात वाई होतंच. समजा खोली खरोखर असती, तरी बाल्कनीतून आम्हाला दिसला असता तो गाळ, भेगाळलेला काठ आणि मधोमध हिरवट पट्टा. कड्यावरच्या हॉटेलांचा दर खोलीवर नसतो, देखाव्यावर असतो, आणि देखाव्याला हंगाम असतो. मेमध्ये धुरकट, जुलैत तर हातभर अंतरावर नुसतं धुकं. दरपत्रकात हा हंगाम कुठेच लिहीत नाहीत.

सकाळी मी पैसे परत मागितले. 'नॉन-रिफंडेबल.' मग बिल मागितलं. इथे खरी गंमत सुरू झाली. बिल देताना त्यांची जी चुळबुळ झाली, त्यावरून मी जागा झालो. तासाभराने दोन कागद आले. पहिला वेगळ्याच नावाच्या फर्मचा: खोलीभाडं 7,400 प्रमाणे दोन रात्रींचे 14,800, त्यावर 12 टक्के जीएसटी 1,776, एकूण 16,576. दुसरा साधा छापील कागद, 'पॅकेज सेवा' 21,424, जीएसटी क्रमांक नाही, सही नाही. त्या वेळी 7,500 पर्यंतच्या खोलीला 12 टक्के होता आणि त्यावरच्या खोलीला 18. म्हणजे 19,500 ची म्हणून विकलेली खोली सरकारदरबारी 7,400 ची. हा कागदच पुढे माझ्या कामी आला, कारण त्यांच्याच हाताने त्यांनी खोलीची लायकी लिहून दिली होती. सप्टेंबर 2025 पासून 7,500 च्या आतला कर 5 टक्क्यांवर आलाय आणि वरचा 18 टक्केच आहे, तेव्हा अशा चलाखीचा मोह वाढलाच असणार. बिलावरचं दररात्रीचं भाडं आणि तुम्ही दिलेली रक्कम जरूर ताडून बघा.

रात्रीच्या जेवणाचं वेगळं प्रकरण. केकच्या टेबलावर चार फुगे आणि मेणबत्त्या लावल्या होत्या, त्याचे 'सजावट' म्हणून 2,500 आणि त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज 250. पॅकेजमध्ये सगळं आलं असं सांगितलं होतं, म्हणून दोन्ही द्यायला मी नकार दिला. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे यावर मी एवढा मोठा आवाज लावला की ही टेबलाखालून माझा पाय दाबत होती. त्यांनी दोन्ही रकमा खोडल्या. (मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही हेच धरलं की हॉटेलने सर्व्हिस चार्ज सक्तीने लावायचा नाही.) जेवण मात्र चांगलं होतं, हे लिहायलाच हवं. भरलं वांगं तर हिने दोनदा घेतलं.

दुसरी रात्र आम्ही थांबलो नाही. निघताना सिडनी पॉइंटला गाडी लावली, भाजलेलं कणीस घेतलं. समोर कमळगड, खाली दरी, आणि पाणी म्हणजे ताटात उरलेल्या आमटीएवढं. ही बराच वेळ बघत होती. "एवढंच पाणी?" म्हणाली. मी तिला आवर्तनाचं गणित सांगायला लागलो, तिने ऐकूनही घेतलं. त्या दोन दिवसांतला तो अर्धा तास बरा गेला, आणि त्याचे पैसे कणसापुरतेच पडले. अण्णांना मी हे अजून सांगितलेलं नाही.

परत आल्यावर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. रिसॉर्टचं उत्तर आलं: 'समतुल्य दर्जाची' खोली दिली, ग्राहकाने ती स्वीकारली. स्वीकारली याचा पुरावा म्हणजे माझी प्रवेशाच्या वेळची सही. अपग्रेडच्या आनंदात केलेली. तुमच्यावर अशी वेळ आली तर सही करायच्या आधी त्याच कागदावर 'ठरलेली खोली मिळाली नाही, हरकत नोंदवून घेत आहे' एवढं मराठीतच लिहा. मी लिहिलं नाही म्हणून आता वकिलाला दोन पानं जास्त लिहावी लागली.

मग सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. रिसॉर्ट साताऱ्यात असलं तरी 2019 च्या कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची असते, तेवढं लक्षात असू द्या. पुरावे असे जमले: ते रंगवलेलं चित्र तारखेसकट, यूपीआयचा उतारा, दोन्ही बिलं, आणि कुंपणाच्या फटीतून मोबाइलवर काढलेला बारा खांबांचा फोटो. फोन मात्र रेकॉर्ड केलेला नव्हता. त्या मुलाने दिलेली वचनं तोंडीच राहिली, फक्त 'लेक व्ह्यू कन्फर्म ना?' या माझ्या संदेशावरचा त्याचा 'यस सर' आणि हात जोडल्याचं चित्र एवढं शिल्लक आहे. वकील म्हणतात, ते 'यस सर' सोन्याचं आहे.

पैसे ज्याच्या खात्यात गेले तो मालक नव्हे, विक्रीचं कंत्राट घेतलेल्याचा मेहुणा निघाला. रिसॉर्ट म्हणतं, त्याच्याशी आमचा संबंध नाही. मग तुमच्याकडे आमची खोली नोंदलेली कशी होती, यावर उत्तरासाठी त्यांनी तारीख मागून घेतली आहे. तिसऱ्यांदा.

मुलाला फार वाईट वाटलं, तो पैसे देऊ करत होता. मी घेतले नाहीत. त्याऐवजी दर महिन्याला त्याच्याकडून ते पान उघडून घेतो, बदल झाला की त्याची प्रत काढून ठेवायला. परवा उघडलं. त्याच खोलीचं भाडं आता 24,000 झालंय, खाली 'फक्त 1 शिल्लक'. चित्र तेच आहे. सूर्य अजून उत्तरेलाच मावळतोय.