आद्याक्षरांचे भरतकाम: मधले अक्षर मोठे की तिन्ही सारखी?

नागपुरात इतवारी किंवा सीताबर्डीच्या बाजारात रुमाल, अभ्रे भरतकामाला देण्यापूर्वी आद्याक्षरांची मांडणी ठरवून घ्यावी. पाश्चात्त्य प्रघातानुसार आडनावाचे अक्षर मध्यभागी मोठे, डावीकडे स्वतःच्या नावाचे आणि उजवीकडे मधल्या नावाचे येते. म्हणजे समजा, सुरेश ओंकार देशमुख यांच्या रोमन अक्षरांतील रुमालावर ‘एस-डी-ओ’ उमटेल आणि पाहणाऱ्याला तो उपविभागीय अधिकाऱ्याचा वाटेल. तिन्ही अक्षरे सारख्या आकाराची असली, तर ती नाव, वडिलांचे नाव, आडनाव या आपल्या सहीच्या क्रमानेच लावतात आणि हा घोटाळा टळतो.

देवनागरीत हा फरक अधिक जाणवतो. सारखी अक्षरे एकाच शिरोरेषेखाली सलग बसतात. मधले अक्षर मोठे केले आणि बाजूची त्याच्या मध्यावर आणली, तर ती रेषा तुटते. मोठे अक्षर हवेच असेल, तर लहान अक्षरेही वरच्या रेषेलाच टांगावीत.

लग्नाच्या चादरींवर मात्र पहिली पद्धत सरस ठरते, कारण वधूवरांच्या नावांची अक्षरे दोन बाजूंना आणि सामायिक आडनाव मध्ये घेता येते. शर्टाच्या कफावर माझी पसंती सारख्या अक्षरांनाच आहे, कारण तेवढ्या जागेत बाजूची अक्षरे आणखी लहान केल्यास साटीन टाक्याने (शेजारी-शेजारी घातलेल्या भरीव टाक्यांनी) त्यांच्या पोकळ्या बुजतात.